सांगलीच्या काळ्या मातीत पाया घेण्याआधी: ठोके मोजून जमीन कशी तपासून घ्यावी

"शेजारी पाच फुटांवर मुरूम लागलाय, मॅडम. तुमच्याकडं काय वेगळं असणार आहे?" चहाचा कप खाली ठेवत आमचे कंत्राटदार म्हणाले, आणि खरं सांगायचं तर मला ते जवळजवळ पटलं होतं. कुपवाडच्या अंगाला तीन गुंठ्यांचा प्लॉट, त्यावर तळमजला आणि वर दोन मजले. माती तपासायला जेवढे पैसे जाणार, तेवढ्यात स्वयंपाकघराची फरशी झाली असती.

तपासणी केली तेव्हा एका कोपऱ्यात मुरूम सव्वातीन मीटरवर लागला. समोरच्या कोपऱ्यात साडेपाच मीटरवर. पाच फूट म्हणजे दीड मीटर, आणि तेवढ्या खोलीवर आमच्याकडं दोन्हीकडं निव्वळ काळी माती होती. शेजाऱ्यांचं खोटं नव्हतं. त्यांच्याकडं मुरूम वर होता, आमच्याकडं नव्हता, एवढंच.

मी शाळेत विज्ञान शिकवते, इंजिनिअर नाही. त्यामुळं पायाचं डिझाइन या लेखात मिळणार नाही. पण तपासणी कशी ठरवायची, त्या दिवशी कुठं उभं राहायचं, कशाकडं बघायचं आणि अहवाल हातात आला की काय विचारायचं, हे सगळं मी ठेचा खात शिकले. पहिल्यांदाच घर बांधणाऱ्यांच्या त्यातल्या काही ठेचा टळाव्यात म्हणून क्रमानं लिहिते.

आधी चाचणी म्हणजे काय ते थोडक्यात. नाव स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट, पण साइटवर सगळे एसपीटीच म्हणतात. जमिनीत बोअर पाडायचा, तळाशी एक पोकळ नळी टेकवायची आणि वरून ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पुन्हा पुन्हा सोडायचा. नळी ठरावीक अंतर आत जायला किती ठोके लागले, तो आकडा म्हणजे एन व्हॅल्यू. ठोके जास्त तर जमीन घट्ट, कमी तर मऊ. आपल्याकडं ही चाचणी आयएस २१३१ या मानकाप्रमाणं होते. ६३.५ हा आकडा विचित्र वाटतो, कारण मुळात तो १४० पौंड आहे. पद्धत अमेरिकेत रुळली आणि १९४७ मध्ये कार्ल टेरझागी यांनी तिला हे नाव दिलं.

१. यंत्र बोलावण्याआधी माणसांना विचारा

आमच्या प्लॉटच्या मागं एक जुनी वस्ती आहे. तिथल्या आप्पांना मी विचारलं, "इथं आधी काय होतं?" ते म्हणाले, "त्या कोपऱ्यात आमच्या चुलत्याची वीटभट्टी होती की. माती तिथलीच काढायचे." साडेपाच मीटरचा कोपरा तोच. मातीसाठी खणलेला खड्डा नंतर मिळेल त्यानं बुजवलेला. हे मी तपासणी झाल्यावर विचारलं. आधी विचारायला हवं होतं.

सांगली परिसरात विचारायच्या गोष्टी अशा. इथं बुजवलेली विहीर आहे का? ओढा किंवा ओघळ वळवलाय का? प्लॉट पाडताना भराव टाकला का, आणि कशाचा? नदीकाठच्या पट्ट्यात कृष्णेचं पाणी कुठवर येतं? आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या वेळची खूण शेजारच्या भिंतीवर अजून दिसत असेल तर फोटो काढून ठेवा. शामरावनगरसारख्या सखल भागात पावसाचं पाणी किती दिवस तुंबतं, हे तिथला दूधवालासुद्धा सांगतो.

हरिपूर आणि सांगलीवाडीकडं जागा असेल तर पेवांची चौकशी कराच. हळद साठवायला जमिनीत खोल खणलेली ही पेवं, तोंड अरुंद आणि पोट मोठं. २००५ च्या पुरात त्यांतली बरीच निकामी झाली. तोंड बुजवलेलं पेव वरून दिसत नाही, आणि बोअर त्याच्या हातभर बाजूनं गेला तर अहवालातही येत नाही. ते फक्त म्हाताऱ्या माणसांना माहीत असतं.

जवळपास विहीर असेल तर वाकून बघा. वरून खाली काळी माती, मग पांढऱ्या चुनखडीचे खडे असलेली पिवळट माती, मग मुरूम, मग विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो मऊ खडक, आणि शेवटी काळा पाषाण. थरांची एवढी ओळख फुकटात होते.

२. कागदपत्रं आणि माणसं

क्रम महत्त्वाचा आहे. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, मग तपासणी करणारी एजन्सी. आम्ही उलटं केलं. एजन्सीनं विचारलं, "किती बोअर, किती खोल?" आणि आम्ही एकमेकांकडं बघत बसलो. हे इंजिनिअरनं लिहून द्यायचं असतं.

हाताशी ठेवायचे कागद:

- सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, आणि एनए आदेश किंवा गुंठेवारी नियमित झाल्याचा दाखला
- मोजणीचा नकाशा. हद्दीच्या खुणा जागेवर दिसायला हव्यात, नाहीतर बोअर शेजाऱ्याच्या जागेत पडतो
- आर्किटेक्टचा प्लॅन, शक्यतो कॉलमच्या जागांसह
- स्ट्रक्चरल इंजिनिअरची चिठ्ठी: कॉलमवर येणारं अंदाजे वजन, बोअरची संख्या आणि खोली, कोणत्या चाचण्या हव्यात
- एजन्सीचं लेखी दरपत्रक

दरपत्रकावर जरा थांबा. दर मीटरवर असतो, पण मातीतल्या मीटरचा वेगळा आणि खडकातल्या मीटरचा वेगळा. यंत्र आणण्या-नेण्याचे पैसे आणखी निराळे. प्रयोगशाळेतल्या चाचण्या त्यात धरल्यात की नाहीत, हे विचारा. कठीण थर लागल्यावर तिथंच थांबायचं की कोअर (खडकाचा दंडगोल नमुना) काढत आणखी खाली जायचं, हेही आधीच लिहून घ्या. हा प्रश्न जागेवर निघाला की वाद होतो, आणि तेव्हा यंत्र तुमच्या अंगणात उभं असतं.

ज्या प्रयोगशाळेत नमुने जाणार तिला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का, आणि ती नेमक्या मातीच्या चाचण्यांसाठी आहे का, तेही बघा. सिमेंट-सळीची मान्यता दाखवून मातीचा अहवाल देणारे भेटतात.

३. किती बोअर, कुठं, किती खोल

आयएस १८९२ या जमीन तपासणीच्या मानकाप्रमाणं सुमारे ०.४ हेक्टर, म्हणजे चाळीस गुंठ्यांच्या जागेला चार कोपऱ्यांवर चार आणि मध्ये एक बोअर लागतो. छोट्या, साध्या इमारतीला मध्यभागी एक बोअर किंवा चाचणी-खड्डा चालतो. नियमानं आमचं एकात भागलं असतं. इंजिनिअरनी तीन सांगितले, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत एकेक आणि एक मध्ये. एकच मध्ये घेतला असता तर वीटभट्टीचा खड्डा कळलाच नसता. आपल्याकडच्या गुंठेवारीतल्या, भराव टाकलेल्या प्लॉटवर एका बोअरवर विसंबू नये, असं माझं मत. पैसे कमीच असतील तर एक पूर्ण बोअर घ्या आणि बाकी दोन ठिकाणी जेसीबीनं चाचणी-खड्डे घ्या. खड्ड्यात थर डोळ्यांनी दिसतात.

खोलीचा ढोबळ हिशोब असा की पाया जिथं टेकणार तिथून खाली निदान पायाच्या रुंदीच्या दीडपट जमीन माहीत हवी. पण काळ्या मातीत पाया मुळात कुठं टेकणार हेच आधी माहीत नसतं. म्हणून मुरूम लागेपर्यंत, आणि तो खरंच मुरूम आहे याची खात्री पटेपर्यंत जा.

जागा आखताना वर बघा. तिपाई पाच-सहा मीटर उंच असते आणि आमच्या कोपऱ्यावरून विजेची तार गेली होती. बोअर दीड मीटर आत सरकवावा लागला. खालून जाणारी नळाची लाइन कुठं आहे, तेही शेजाऱ्यांना विचारा.

४. कोणत्या महिन्यात करायची

याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, आणि काळ्या मातीत तर फसगत इथंच होते.

माझं माहेर तासगावकडचं. तिथल्या घराच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून जिन्यासारखी तिरकी भेग होती. मे महिन्यात तीत दहा रुपयांचं नाणं उभं जायचं. ऑगस्टमध्ये भेग मिटायची, पण मागचं दार अडकायचं. वडील गवंड्याला दोष द्यायचे, दर दिवाळीला भेग सिमेंटनं भरायचे आणि दर उन्हाळ्यात ती शेजारून नवी निघायची. गवंड्याचा त्यात काहीच दोष नव्हता. काळ्या मातीतलं माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी प्यालं की फुगतं आणि वाळलं की आकसतं. घर दरवर्षी थोडं उचललं जात होतं आणि थोडं खाली बसत होतं, तेही सगळीकडं सारखं नाही.

हीच माती मे महिन्यात तपासली तर वरचे दोन-तीन मीटर विटेसारखे कडक लागतात. ठोके भरपूर, आकडा झकास. तीच माती सप्टेंबरमध्ये लोण्यासारखी असते. मे महिन्यातली एन व्हॅल्यू खोटी नसते, पण ती मे महिन्याचीच असते. तुमचं घर मात्र पावसाळ्यातही तिथंच उभं राहणार.

जमलं तर तपासणी पाऊस संपता संपता करा, जमीन भिजलेली आणि भूजल वर असताना. नाही जमलं तर उन्हाळ्यात करा, पण अहवालात तारीख आणि मातीतल्या ओलाव्याचं प्रमाण दोन्ही येऊ द्या, आणि वरच्या थराच्या आकड्यांवर भिस्त ठेवू नका, असं इंजिनिअरना स्पष्ट सांगा. आम्ही ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात केली. चिखल तुडवत.

५. चाचणीच्या दिवशी: वही घेऊन उभं राहा

बरोबर टेप, खडू, वही, पेन आणि पाण्याची सोय ठेवा. बोअर करायला पाणी लागतं, टँकर आधी सांगून ठेवा.

चौघं पोरं आणि एक सुपरवायझर आले. तिपाई उभी राहिली, दोरी कप्पीवरून गेली आणि तिला हातोडा लटकला. ती पोरं त्याला मंकी म्हणतात. मी वही उघडली तसा सुपरवायझर म्हणाला, "तुम्ही बसा ताई सावलीत, आकडे आम्ही देतो." मी म्हटलं, "द्या की, मी पण लिहिते."

काम असं चालतं. बोअर हव्या त्या खोलीपर्यंत पाडतात आणि तळ साफ करतात. मग रॉडच्या टोकाला नमुन्याची नळी लावून खाली सोडतात. ही नळी उभी दोन भागांत उघडते, बाहेरून दोन इंच, म्हणजे ५०.८ मिलिमीटर. वर दिसणाऱ्या रॉडवर १५-१५ सेंटिमीटरच्या तीन खुणा खडूनं करतात आणि ठोके सुरू होतात. पहिल्या १५ सेंटिमीटरचे ठोके लिहायचे, पण धरायचे नाहीत, कारण बोअर पाडताना तिथली माती हललेली असते. पुढच्या दोन टप्प्यांची बेरीज ही एन. आमच्या मधल्या बोअरमध्ये दीड मीटरवर ठोके पडले ४, ६ आणि ९. एन आला १५. तिन्हींची बेरीज १९ होते, आणि तो आकडा कुठं लिहिलेला दिसला तर लगेच हरकत घ्या. साधारण दर दीड मीटरला आणि थर बदलला की ही चाचणी परत होते.

आता नजर कुठं ठेवायची ते.

उंची. हातोडा ७५ सेंटिमीटरवरूनच पडला पाहिजे. दुपारी पोरं दमली तशी दोरी कमी ओढली जाऊ लागली. मी टेप लावला तर ६० भरलं. हातोडा कमी उंचीवरून पडला की जोर कमी, म्हणून ठोके जास्त, म्हणून जमीन आहे त्यापेक्षा घट्ट दिसते. ७५ ला ६० नं भागा, सव्वापट. जिथं १२ ठोके पुरले असते तिथं १५ मोजले जातात. चूक तुमच्या बाजूनं दिसते आणि म्हणूनच ती घातक आहे. मी मार्गदर्शक रॉडवर ७५ ची खडूची रेघ मारून दिली. पोरं हसली, पण पुढं रेघेपर्यंत ओढत राहिली. मी त्यांच्यासाठी घरून ताक मागवलं. दमलेल्या माणसाकडून मोजमाप नीट होत नाही, हे प्रयोगशाळेत मी रोज बघते.

दोरी. यंत्राच्या फिरत्या ढोलावर दोरी गुंडाळून हातोडा उचलत असतील तर दोनच वेढे असावेत. जास्त वेढे घेतले की दोरी अडकते, हातोडा मोकळा पडत नाही आणि परत ठोके वाढतात.

तळ. बोअरच्या कडा ढासळून खाली मऊ गाळ साचतो. तो काढल्याशिवाय नळी सोडली तर पहिला टप्पा गाळातच जातो. नळी सोडण्याआधी रॉडची लांबी आणि बोअरची खोली ताडून बघायला सांगा. भुसभुशीत थर असेल तर कडा ढासळू नयेत म्हणून केसिंगचा पाइप घालतात. तो चाचणीच्या खोलीच्या खाली ठोकलेला नसावा, नाहीतर नळी पाइपातल्या दबलेल्या मातीतच जाते.

नळीचं तोंड. बोथट किंवा वाकलेलं असेल तर बदलायला सांगा. आमच्या नळीचं तोंड मुरमातल्या दगडावर आपटून दुमडलं होतं, दुसरं लावायला अर्धा तास गेला. जाऊ द्या.

हातोड्याचं वजन मी सळीच्या दुकानातल्या काट्यावर करून घेतलं. ६३ च्या आसपास भरलं. याची गरज होती का? कदाचित नाही. पण त्यानंतर मला सावलीत बसायला कुणी सांगितलं नाही.

६. नळी उघडते तेव्हा जवळ जा

ठोके संपले की नळी वर येते, तोंड आणि डोकं फिरवून काढतात आणि ती शेंगेसारखी उघडते. आत पंचेचाळीस सेंटिमीटर माती जशीच्या तशी. पहिल्या नळीत काळी, तुकतुकीत माती होती, बोटांत चोळली की साबणासारखी घसरणारी. चार मीटरच्या जवळपासच्या एका नळीत वरचा अर्धा भाग तसाच, मग पांढरे चुनखडीचे खडे आणि टोकाला पिवळा, खरखरीत मुरूम. थर बदलताना हातात धरता आला. वीटभट्टीच्या कोपऱ्यातल्या नळीत तर तीन मीटरवर विटेचा लाल तुकडा निघाला. तिथं मुरूम असायलाच हवा, असं म्हणणारे कंत्राटदार तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले.

प्रत्येक नमुना वेगळ्या पिशवीत, आत आणि बाहेर चिठ्ठी: बोअर क्रमांक, खोली, तारीख. पिशवीचं तोंड लगेच बांधा, नाहीतर ओलावा उडून जातो. चिकणमातीत एसपीटी हा ढोबळ अंदाजच असतो, वाळूत ती जास्त भरवशाची. म्हणून काळ्या मातीतून पातळ भिंतीच्या मोठ्या नळीनं न हललेले नमुनेही काढायला सांगा. मातीची ताकद आणि फुगण्याचा दाब त्यांच्यावरच मोजता येतो.

पाण्याची पातळी हा कामचुकारपणाचा आवडता रकाना. बोअर पाडताना आपणच पाणी ओतलेलं असतं, त्यामुळं त्याच दिवशी मोजलेली पातळी निरुपयोगी. चोवीस तासांनी मोजायची. मी दुसऱ्या दिवशी शाळेत जाण्याआधी दोरीला दगड बांधून मोजली: २.९ मीटर. वहीत लिहिलं आणि विसरून गेले.

७. प्रयोगशाळेत काय करून घ्यायचं

ओलावा, कणांचं प्रमाण, द्रव आणि सुघट्य मर्यादा (किती ओलाव्याला माती वाहू लागते आणि किती ओलाव्याला वळता येते) या नेहमीच्या चाचण्या होतातच. काळ्या मातीत फ्री स्वेल इंडेक्स, म्हणजे माती पाण्यात किती टक्के फुगते तो आकडा, आवर्जून मागा. कल्पना इतकी सोपी आहे की मी ती नववीच्या मुलांना करून दाखवते. वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली माती दहा-दहा ग्रॅम, दोन मोजपात्रांत. एकात ऊर्ध्वपातित पाणी, दुसऱ्यात रॉकेल. चोवीस तास ठेवायचं. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. आमची माती रॉकेलात १२ मिलिलिटरवर बसली, पाण्यात २१ वर. फरक ९, भागिले १२, म्हणजे ७५ टक्के. ५० च्या आत असेल तर फार काळजी नाही, ५० ते १०० मध्यम, १०० च्या वर गेलं तर पायाचा विचार मुळापासून वेगळा करावा लागतो.

खडकात कोअर काढला असेल तर तो लाकडी पेटीत खोलीच्या क्रमानं लावलेला बघा आणि फोटो घ्या. दहा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांची बेरीज भागिले खणलेली लांबी, यावरून खडक किती अखंड आहे ते कळतं.

८. अहवाल आला की वही उघडा

आमचा पहिला अहवाल बघून मी दोनदा चष्मा पुसला. बोअर दोन आणि बोअर तीनचे आकडे शेवटच्या ठोक्यापर्यंत सारखे होते. माझ्या वहीत ते वेगळे होते, आणि एका बोअरमध्ये तर विटेचा तुकडा निघाला होता. पाण्याच्या पातळीच्या रकान्यात लिहिलं होतं, "आढळली नाही." फोन केला तर "टायपिंगची चूक" असं उत्तर आलं. वहीची पानं व्हॉट्सॲपवर पाठवली, आठवड्यानं नवा अहवाल आला. वही नसती तर त्याच कागदावर आमच्या घराचे कॉलम उभे राहिले असते.

अहवालात हे बघा. प्रत्यक्ष मोजलेला एन आणि दुरुस्त केलेला एन दोन्ही दिलेत का? वरच्या मातीच्या दाबाप्रमाणं दुरुस्ती करतात. पाण्याखालच्या बारीक वाळूत किंवा गाळात एन १५ च्या वर आला तर १५ च्या पुढचा भाग निम्मा धरतात, म्हणजे २५ चा होतो २०. नदीकाठच्या गाळाच्या जागेत ही दुरुस्ती राहून गेली तर जमीन उगाच चांगली दिसते.

'रिफ्यूजल' हा शब्द दिसला तर थांबा. नळी आत जाईना एवढाच त्याचा अर्थ. खाली अखंड खडक आहे की एखादा मोठा दगड, हे त्यातून कळत नाही. सातारकरांनी हे विशेष लक्षात ठेवावं. अजिंक्यताऱ्याच्या उतारासारख्या ठिकाणी वरून घरंगळलेला डबर मातीत गाडलेला असतो. मीटरभरात नळी अडली की "खडक लागला" म्हणून मंडळी खूश होतात, आणि पाया एका धोंड्यावर टेकतो. उतारावर कोअर काढून निदान दोन-तीन मीटर खाली खडक सलग आहे हे बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नये. मुरमातला मोठा खडाही नळीच्या तोंडाशी येऊन आकडा फुगवतो. एकच एन अचानक उंच दिसला तर त्याकडं दुर्लक्ष करायला शिका.

मग एसबीसी, म्हणजे जमीन दर चौरस मीटरला सुरक्षितपणे किती भार घेईल. कंत्राटदार ती "पंचवीस टन धरू" अशी बाजारभावासारखी सांगतात. ती कोणत्या खोलीवरची, किती रुंद पायाची आणि किती मिलिमीटर खचणं गृहीत धरून काढलेली, हे तिन्ही अहवालात हवं. मातीची ताकद संपण्याची मर्यादा आणि खचण्याची मर्यादा, यांतली जी कमी ती धरतात. दोन्ही गणितं दिसली नाहीत तर मागा.

एन व्हॅल्यू आणखी एका कामाला येते. भूकंपाच्या हिशोबासाठी जमिनीचा प्रकार तिच्यावरून ठरतो: ढोबळमानानं ३० च्या वर कठीण, १० ते ३० मध्यम, १० च्या आत मऊ. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आमच्या आईला अजून आठवतो. कोयनेपासून आपण फार लांब नाही. इंजिनिअरनी कोणता प्रकार धरलाय ते विचारा.

९. पुढं काय

हे इंजिनिअरनी ठरवायचं. आमच्याकडं काळी माती पार करून पाया मुरमात न्यायचा ठरला. भट्टीच्या कोपऱ्यात तो फार खोल जात होता, म्हणून तिथं पाइल, म्हणजे जमिनीत खोल नेलेले खांब, घेतले. कुणाकडं तळाशी कंदासारखे फुगीर अंडर-रीम्ड पाइल घेतात, कुणाकडं माती काढून न फुगणाऱ्या मातीचा दाबलेला थर देतात. खर्च वाढला, पण आधी वाढला. घर बांधून झाल्यावर वाढला असता तर कुठून आणला असता? एक गोष्ट मात्र पायाच्या प्रकारावर अवलंबून नाही: घराभोवती चांगला रुंद फरसबंद पट्टा करा आणि छताचं पाणी पायाशी सोडू नका.

१०. बोअर बुजवून घ्या

पाण्याची पातळी मोजून झाली की त्याच दिवशी. १५० मिलिमीटरचं भोक दिसायला किरकोळ, पण शेजारच्या शेळीचा पाय त्यात गेला आणि संध्याकाळभर आम्ही तिच्यामागं होतो. खाली खडी-वाळू ओतू नका, पावसाचं पाणी थेट पायाखालच्या थरात उतरायला वाटच मिळते. निघालेली मातीच थोडी थोडी टाकून रॉडनं ठासत वर या. बुजवण्याआधी दोन हद्दीच्या खुणांपासून बोअरचं अंतर टेपनं मोजून वहीत लिहून ठेवा. पाया खणताना तो बोअर कॉलमखाली येतो की बाजूला, हे इंजिनिअर विचारतात, आणि तोवर जागेवर काहीच खूण उरलेली नसते.